नकार डॉक्टरांचा नव्हता

मंदा,

तुझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया होणार नाही, असे डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो. त्यांच्या तोंडी घालून म्हणालो, आणि तू विश्वास ठेवलास. सहा वर्षे ठेवलास, आणि तो तसाच घेऊन गेलीस.

एवढे लिहून मी उठलो. खिडकीपर्यंत गेलो, स्वयंपाकघरात जाऊन आलो, बसलो, पुन्हा उठलो. तू गेल्यापासून एका जागी बसवत नाही. पलंगापासून बेसिनपर्यंतचे अंतर आधी डोळ्यांनी जोखून मगच पाय खाली टाकणारी तू या घरात होतीस. आता त्याच फरशीवर मी विनाकारण हेलपाटे घालतो आहे. माझे गुडघे निरोगी आहेत. वाकताना, उठताना त्यांचा आवाजसुद्धा होत नाही. मला त्यांची लाज वाटते.

भेटायला येणारे लोक तुझ्याविषयी बोलतात ते खरे आहे: तुझा आवाज, तुझा हात, तुझे हसणे. पण तेच लोक जिना उतरता उतरता आणखीही एक वाक्य बोलतात, आणि ते मला दारातून ऐकू येते. ‘बाई चांगली, पण अंगाकडं लक्ष नाय दिलं.’ या वाक्याचा जनक मी आहे. आपल्या घरात ते प्रथम मी उच्चारले आणि इतक्या वेळा उच्चारले की ते सगळ्यांचे झाले.

तुला आठवते का, आपला वाद कुठून सुरू झाला? अंबरनाथच्या शाळेत नववीला मी तरफ शिकवत असे, आणि शाळेतले फळ्यावरच ठेवून घरी येण्याची सवय मला कधी लागली नाही. तू ओट्याशी उंच स्टुलावर बसून तांदळाचे पीठ मळत होतीस. उभे राहून स्वयंपाक करणे तेव्हाच तुला जड जाऊ लागले होते. मी दाराकडे बोट दाखवून म्हणालो, “बिजागरी बघ. दरवाजा जड झाला की ती झिजते, कुरकुरते, शेवटी निखळते. गुडघ्याचंही तसंच. पायरी उतरताना तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्याच्यावर पडतो.”

“दरवाजा म्हंजे कोन? मी?”

“उदाहरण दिलं, मंदा.”

“तुमची उदाहरनं माझ्यावरूनच कशी सुरू होतान, मास्तर?”

तू हसत होतीस. मीही हसलो. मग तू पिठातून हात वर काढलास आणि बोटे माझ्यासमोर धरलीस. सांधे सुजले होते, सकाळी मूठ वळत नव्हती, आणि त्यामुळे भाकरी थापताना कड फाटत होती. “मंग ही बोटां कनाला दुखतान?” तू विचारलेस. “बोटांवर चालतंय का मी?”

मी विज्ञानाचा शिक्षक. समोर एक रास्त प्रश्न आला होता. वर्गात कुणी असा विचारला असता तर मी त्याला उभे करून त्याचे कौतुक केले असते. तुला मात्र मी म्हणालो, “विषय बदलू नकोस.”

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे मिळाले. तेही मी तुला दिले नाही. आज देतो, उशीर झाला आहे हे ठाऊक असूनही देतो.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला तो दवाखाना आठव. गल्लीत दोन्ही बाजूंना दुकाने, वर कपड्यांचे तागे लटकलेले, आणि दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, विनालिफ्टचा. पहिल्या भेटीला तू कठडा धरून वर गेलीस आणि पोहोचल्यावर बराच वेळ धापा टाकत बसलीस. डॉक्टरांनी तपासले, एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या घेऊन आपण पुन्हा गेलो तेव्हा तू जिन्याकडे पाहिलेस आणि म्हणालीस, “तुमीच जा.” खालच्या पापडाच्या दुकानातल्या सिंधी शेठने तुला खुर्ची पुढे केली. “भाभी, आप इधर आराम से बैठो. ये डॉक्टर भी कमाल है! घुटने का दवाखाना, और ऊपर चढ़ा के रखा है.” तू खळखळून हसलीस. त्याने तुझ्या हातात भाजलेला पापड दिला. मी जिना चढताना मागे वळून पाहिले तर तुम्ही दोघे कुठल्याशा लग्नाविषयी बोलत होता, जणू जुनी ओळख असावी. तुला माणसे अशीच मिळत.

वर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. म्हणाले, “सर, उजव्या गुडघ्यात कूर्चा जवळजवळ उरलेली नाही. डावाही त्याच वाटेवर आहे. सांधा बदलावा लागेल.”

मी म्हणालो, “पण वजन...”

“वजन आहेच. कमी झालं तर उत्तम, थोडं कमी झालं तरी फरक पडेल. पण ऑपरेशन त्यासाठी अडवून ठेवायचं नाही. धोका थोडा जास्त, जखम भरायला वेळ लागू शकतो. आपण शुगर बघू, हृदय तपासून घेऊ, भूलतज्ज्ञांशी बोलू. त्यांना चालता येत नाही म्हणून वजन वाढतंय आणि वजन वाढतंय म्हणून चालता येत नाही. कुठून तरी तोडायला हवं ना?”

मग मी, तुझ्यासाठी म्हणून नव्हे, माझी बिजागरी तपासून घ्यावी म्हणून, बोटांचे विचारले. त्यांनी मान डोलावली. “चांगला प्रश्न आहे. लोकांना वाटतं चरबी म्हणजे नुसतं ओझं, गोणीसारखं. तसं नाही. चरबी जिवंत असते, सर. शरीरात सूज पेटती ठेवणारी द्रव्यं ती सोडत असते. ती रक्तातून फिरतात, सगळ्या सांध्यांपर्यंत जातात. म्हणून ज्यांच्यावर भार नाही ते सांधेही दुखतात, बोटांचेसुद्धा. त्यात आनुवंशिकता असते, वय असतं, बायकांना पाळी गेल्यानंतरचे बदल असतात. सगळं खाण्यावर ढकलू नका. बाईंना सांगा, त्यांचा यात गुन्हा नाही.”

बाईंना सांगा. हे शब्द त्यांनी माझ्याकडे सोपवले आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

मी जिना उतरू लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलो. आजवर त्या वळणावर मी किती वेळा परत जाऊन उभा राहिलो आहे! तिथे नेमके काय घडले, हे मी स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिले. मला ऑपरेशनची भीती वाटली, हे खरे. धोका थोडा जास्त, एवढेच शब्द माझ्या कानात मोठे झाले. डॉक्टरांच्या नावाने सांगितले तर तू वजनाचे मनावर घेशील, त्यात तुझेच हित आहे, असेही वाटले. ही दोन्ही कारणे माझ्या उपयोगाची आहेत, कारण त्यांत मी भला दिसतो. पण या दोहोंच्या खाली तिसरे आहे. कित्येक वर्षे मी जे म्हणत आलो ते डॉक्टरांनी खोडून काढले होते आणि तुझा प्रश्न खरा ठरवला होता. खाली जाऊन ‘तुझं बरोबर होतं’ एवढे मला म्हणायचे होते. मला ते म्हणवले नाही. माझ्या मताला डॉक्टरांचा आवाज मिळावा, असे मला वाटले, आणि तो मी त्यांच्याकडून उसना घेतला.

तू पापडाचा शेवटचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहिलेस. “काय बोलले?”

“आधी वजन ऐंशीच्या खाली आण म्हणाले. त्याशिवाय हात लावणार नाहीत.”

“असा बोलले?”

“असंच बोलले.”

“आनि बोटांचा विचारलाव?”

“विचारलं. विशेष काही नाही म्हणाले.”

तू तो तुकडा खाल्ला नाहीस. शेजारच्या पुड्यावर अलगद ठेवलास आणि रुमालाने बोटे पुसलीस. रिक्षात बसल्यावर मला म्हणालीस, “ऐंशी ना? करू.” शाळेत बाईंनी गृहपाठ दिल्यावर शहाणी मुलगी म्हणते तसे.

आणि तू केलेस, मंदा. ज्यांना वाटते की तू अंगाकडे लक्ष दिले नाहीस त्यांनी त्या वर्षीची तू पाहिलेली नाहीस. सुकट-भाताच्या वासाने घर भरलेले असताना तू समोर बसून उकडलेला दुधी खात होतीस. सकाळी सोसायटीच्या भिंतीला हात लावत लावत कंपाउंडची फेरी पुरी करत होतीस. वॉचमन तुला पाहून खुर्ची काढून ठेवत असे, आणि तू त्या खुर्चीकडे न बघता पुढे जायचीस. औषधाच्या दुकानातला वजनकाटा बिघडला तेव्हा मी म्हणालो, नाक्यावर भंगारवाल्याकडे मोठा काटा आहे. तू कमरेवर हात ठेवलेस. “भंगारात काढली का मना? किलोचा भाव काय लावला, तो तरी सांगा!” रात्रीच्या जेवणापर्यंत तू तो विनोद पुरवलास, फोनवरून खरवईला तुझ्या बायजाआत्यालाही ऐकवलास. मी हसलो नाही. मला तो माझ्यावरचा वाटला, आणि तो होताही.

वजन कमी झाले. ऐंशीच्या जवळ गेले नाही, पण कमी झाले. मग दुखणे इतके वाढले की फेरी थांबली. फेरी थांबताच वजन परत आले. डॉक्टरांनी जे चक्र मला बोटाने टेबलावर काढून दाखवले होते ते मी माझ्या घरात फिरताना पाहत होतो. कुठून तरी तोडायला हवे, हे मला ठाऊक होते. तुला ठाऊक नव्हते. तू फक्त एवढेच म्हणालीस, “माझ्यातच जोर कमी पडला.” त्या वेळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी पान उलटले.

त्याहून वाईट काय केले, तेही लिहितो. खरवईचे ते लग्न.

आपल्या आगरी लग्नात मुहूर्ताला भटजीपेक्षा धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणाऱ्या धवलारणीची वाट अधिक पाहतात, हे मी लहानपणापासून बघत आलो. पण धवले म्हणजे काय ते मला तुझ्यामुळे कळले. पिठाने काढलेल्या चौकाशी जमिनीवर मांडी घालून तू बसायचीस आणि एकेका विधीचे धवले उचलायचीस. घोळक्यातल्या बायका मागून धरायच्या. हळदीच्या दणदणाटात ज्या मुली कुणाचे ऐकत नसत त्या तुझा आवाज आला की गप्प होत. देवांना बोलवायचे ते धवलारणीने, आणि बोलवायचे ते जमिनीवर बसून. हे तुला बायजाआत्याने शिकवले, तिला तिच्या सासूने. खुर्चीवर बसून धवला उचलायचा नसतो, असे कुठे लिहिलेले नाही. पण तुम्हा दोघींच्या दृष्टीने त्यात शंकेला जागा नव्हती.

त्या लग्नात मुलाच्या चुलत्याने तुझी चाल पाहिली आणि धावत जाऊन गादीची खुर्ची आणली. “मंदाताई, हिच्यावर बसा. देव काय रागवनार नाय.” तू थबकलीस. क्षणभर तुझ्या चेहऱ्यावर असे काही आले की त्या दिवशी तू कदाचित बसलीही असतीस. कुणीतरी आपल्या माणसाने ‘बस’ म्हणण्याचा अवकाश होता. तुझे डोळे मला शोधत होते. मी चार माणसांत उभा होतो आणि म्हणालो, “अहो, बसू दे तिला खाली. तेवढाच व्यायाम!”

माणसे हसली. तू खाली बसलीस. सगळे धवले पुरे म्हटलेस. आवाज कुठे कापला नाही. मग उठायची वेळ आली, आणि तुला उठता येईना. चौघींनी काखेत हात घालून तुला उभे केले. पदर सुटला, तो बायजाआत्याने सावरला. त्या वेळी कुणीही हसले नाही. परतताना रिक्षात तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, “यापुढं नको. सांगा कुनी आला तर.” तुझे शेवटचे लग्न ते. त्यानंतर आमंत्रणे मी दारातूनच परत पाठवत राहिलो. लोकांना सांगायचो, गुडघे साथ देत नाहीत. गुडघ्यांच्या नावावर किती गोष्टी मी खपवल्या.

श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या देवळात जायचो तेव्हाही तू वरच थांबायचीस. गाभाऱ्याच्या पायऱ्या खाली उतरत जातात. त्या तुला शक्य नव्हत्या. “तुमी जा. माझा पन नमस्कार सांगा.” मी खाली जाऊन दोघांचा नमस्कार करत असे. खाली अंधार, ओल, बेलाच्या पानांचा वास. सहा वर्षे मी त्या जागी हात जोडून उभा राहिलो आणि मनातल्या मनात हिचे गुडघे बरे कर असे मागितले. जे माझ्या हातात होते ते मी देवाकडे मागत होतो. वर येऊन तुझ्या कपाळी भस्म लावताना तू डोळे मिटायचीस. तेवढ्यात सांगता आले असते. एकदा तोंडही उघडले होते मी. तू विचारलेस, “काय?” मी म्हणालो, “ऊन वाढलंय, निघू.”

आणि तू? मला मुतखड्याचा त्रास झाला ते आठवते. मी जमिनीवर लोळत होतो, आणि स्वतः धड उभी राहू न शकणारी तू पलंगाच्या कडेला बसून माझी कंबर शेकत होतीस. डॉक्टरांनी पाणी कमी पितो म्हणून मला खडसावले. तू घरी येऊन कुणालाही ते सांगितले नाहीस. कधी म्हणाली नाहीस की तुमचे तुम्ही ओढवून घेतलेत. माझे दुखणे तुझ्या लेखी नुसते दुखणे होते. त्याचा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्नच तुला पडला नाही. माझ्यावर कुणी इतकी सहज दया केली नव्हती. मी ती घेतली, आणि परत देण्याची वेळ आली तेव्हा तुला बिजागरी समजावून सांगितली.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, “परत एकदा विचारून या ना त्या डॉक्टरला. ऐंशी नाय, पन नव्वदला काय करतान का?” मी म्हणालो, विचारतो. दोन दिवसांनी सांगितले, फोन केला होता, नाही म्हणाले. मी फोन केला नव्हता. पहिल्या खोट्याला निदान भीतीचा आधार होता. या दुसऱ्याला काहीच नव्हते. पहिले उघडे पडू नये, एवढेच. तू “बरं” म्हणालीस आणि स्टुलावर बसून मटार सोलू लागलीस. सुजलेल्या बोटांनी शेंगा उघडायला तुला फार वेळ लागत होता. मी शेजारी बसून सोलू लागलो, तर तू म्हणालीस, “आज प्रेम आलंय मास्तरला!” ते प्रेम नव्हते, मंदा. किंवा असेलही, पण त्याच्या अंगाला अपराधाचा वास होता आणि तुला तो आला नाही, याचे मला सुख वाटले.

मग एका पहाटे तू उठलीच नाहीस. हृदय, असे डॉक्टर म्हणाले. बसून बसून हृदय थकते का, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, असे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. असेच वाक्य मला एकदा उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तुझ्यासाठी दिले होते.

आता काल दुपारचे सांगतो.

बाहेरच्या खोलीत खरवईच्या बायका बसल्या होत्या, बायजाआत्या मधोमध. आपली स्नेहल स्वयंपाकघरात चहा करत होती. तुझ्याच बांध्याची आहे ती, तुला माहीत आहे. आणि बाळंतपणानंतर अधिकच. ओट्याखालून डबा काढायला ती वाकली आणि उठताना तिने ओट्याची कड पकडली, डोळे मिटले, तोंडातून एक बारीक आवाज काढला. तो आवाज मी सहा वर्षे ऐकला आहे. आता तो तिशीतल्या मुलीच्या तोंडून आला.

मी म्हणालो, “कधीपासून?”

“झालं वर्ष. जाऊ द्या बाबा.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“कशाला? ऐंशीच्या खाली या, मग बघू, हेच ऐकायला? आईला ऐकवलंच ना. मी आधी कमी करते, मग जाईन.” तिने कप मांडायला घेतले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली. “बाबा, दिवाळीत मी आईला फार बोलले. म्हटलं, ऐंशीला आलीस की डॉक्टर तयार आहे, तूच तयार नाहीस. तू मनावर घेतलं असतंस तर आज माझ्या बाळामागं धावली असतीस. ती रडली. मी तिची समजूत काढली नाही. मला वाटलं, रडू दे, त्यानं तरी वजन कमी करेल.”

हे तू मला सांगितले नव्हतेस. दिवाळीतले तुझे लाल डोळे मला आठवले. मी विचारले तर कांदा म्हणाली होतीस.

माझ्या लक्षात आले की माझे खोटे तुझ्याबरोबर गेलेले नाही. ते माझ्या मुलीच्या तोंडी गेले, तिथून तुझ्या काळजात गेले, आणि आता तिच्या गुडघ्यात जाऊन बसले आहे. मी गप्प राहिलो तर ती तुझ्यासारखीच ऐंशीची वाट बघत बसेल, आणि आईला रडवल्याचे ओझे जन्मभर वाहील, दोन्ही माझ्यामुळे. सांगितले तर ती मला गमावेल, किंवा मी तिला. या दोन्हींतले कोणते जड, याचा विचार करत मी ओट्याला टेकलो. यावेळी मला थांबायला वळण नव्हते.

मी सांगितले. दवाखाना, पापडाचे दुकान, डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य. नंतरचा न केलेला फोन. “त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, स्नेहल. मी म्हटलं.”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला नाही, मी केला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात मला ओळखण्याचा प्रयत्न होता. मग म्हणाली, “म्हणजे मी आईला ज्याच्यासाठी रडवलं ते खोटं होतं?”

“हो.”

“तिला चालता आलं असतं?”

“बहुतेक. हो.”

“आणि बाहेर त्या बायका बोलतायत, तोंडावर ताबा नव्हता म्हणून. ऐकलंत तुम्ही? ऐकून चहा सांगायला आत आलात?”

मी म्हणालो, “मला माफ कर, पोरी.”

“माझ्याकडं नका मागू!” ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरे झाले असते. “माझ्याकडं सोपं आहे. दार लावलेलं आहे, मी मुलगी आहे. माझं मी बघेन, उद्याच जाते डॉक्टरकडं. तुम्ही तिच्याकडं मागा. लग्नात तिला ज्यांच्यासमोर हसलात त्यांच्यासमोर मागा.”

मला माझा आवाज माहीत आहे. तीस वर्षे वर्गात मागच्या बाकापर्यंत तो पोहोचत नाही अशी तक्रार होती. मी बाहेर गेलो आणि दारात उभा राहिलो. एकीने सरकून मला जागा केली. मी बसलो नाही. तुझा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही, खुर्चीवर टेकवून ठेवला आहे. मी त्याच्याकडे तोंड केले आणि काहीतरी पुटपुटलो.

बायजाआत्या कानाला हात लावून म्हणाली, “मास्तर, ऐकाला येत नाय. मोठ्यानं बोला.”

स्नेहल माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात चहाचा ट्रे नव्हता.

मी मोठ्याने बोललो. “मंदा, डॉक्टर तुझं ऑपरेशन करायला तयार होते. मी तुला खोटं सांगितलं, नाही म्हणाले म्हणून. पुन्हा विचारायला सांगितलंस, तेव्हाही खोटं सांगितलं. तुझा काही गुन्हा नव्हता, आणि ते सांगायचं काम माझ्याकडं दिलं होतं. मी सांगितलं नाही. तुला चालता आलं असतं. माझं चुकलं, मंदा. मला माफ कर.”